‘ड्युअल-कोड इंटरनॅशनल’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न
वेल्सचा रग्बीपटू जोनाथन डेव्हिस याच्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. पहिल्याच ओळीत ‘ड्युअल-कोड रग्बी इंटरनॅशनल’ (रग्बीचे दोन प्रकार, युनियन आणि लीग; दोन्हींत देशाकडून खेळलेला तो) आलं आणि गाडी अडली. ‘दुहेरी आंतरराष्ट्रीय खेळाडू’ म्हटलं तर बॅडमिंटनची दुहेरी आठवते. ‘द्विसंहिता’ करून पाहिलं, तर घरून विचारणा झाली, हा वेदपाठी आहे का? कोडला काय लावू?

उत्तर
संहिता नकोच. ‘नियमावली’ अर्थाने चालेल, युनियन १५ जणांची आणि लीग १३ जणांची, नियमही वेगळे. पण मूळ भांडण नियमांचं नव्हतं, पैशाचं होतं. उत्तर इंग्लंडातले गिरणी आणि खाण कामगार शनिवारी खेळायला गेले की मजुरी बुडायची. ती क्लबांनी भरून द्यावी असं तिकडच्यांचं म्हणणं, आणि संघटनेचा नकार. (या ‘ब्रोकन टाइम’साठी आपल्याकडे फर्मास शब्द आहे: खाडा. लेखात ‘खाड्याची भरपाई’च लिहा.) २९ ऑगस्ट १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतले क्लब फुटून निघाले, त्यातूनच लीग झाली. तेरा खेळाडूंचा नियम आला १९०६मध्ये. म्हणजे माणसं आधी फुटली, नियम मागाहून. याला मी ‘पंथ’ म्हणेन.

आणखी एक
‘घराणं’ कसं वाटतं? दोन घराण्यांची गायकी गाणारे असतातच की.

उत्तर
गोड आहे, पण घराणं बदललं म्हणून कुणाला मैफलीतून हाकलत नाहीत. इथे लीगचे पैसे घेतले की युनियनचे दरवाजे बंद. सरळ वाळीत टाकायचे! डेव्हिस १९८८मध्ये वेल्सचा कर्णधार होता, डिसेंबरात कार्डिफला रुमानियाकडून हार झाली, आणि जानेवारी १९८९मध्ये तो उत्तर इंग्लंडातल्या विडनेस क्लबकडे लीग खेळायला गेला. तिथेही तो चमकलाच. वेम्बली, ऑक्टोबर १९९४, लीगचा सामना, डेव्हिस ग्रेट ब्रिटनकडून, समोर ऑस्ट्रेलिया. ग्रेट ब्रिटनचा एक गडी मैदानाबाहेर काढलेला, उरलेले बारा. डेव्हिस बाहेरच्या अंगाने ब्रेट मलिन्सला मागे टाकून सुटला आणि कोपऱ्यात झेपावला. ट्राय (चेंडू गोलरेषेपार टेकवून मिळवलेले गुण)! सामना ८-४ जिंकला. ऑगस्ट १९९५मध्ये युनियननेच पैशाला दार उघडलं, आणि हा त्याच साली युनियनमध्ये, कार्डिफ क्लबकडे परतला. युनियनमध्ये वेल्ससाठी एकूण ३२ सामने, शेवटचा १९९७मध्ये. सांगायचा मुद्दा, ‘ड्युअल’ म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे नव्हे. ‘दोन डगरींवर हात’ हा वाक्प्रचार चुकूनही वापरू नका.

प्रश्नकर्ती
पंथ पटला. ‘द्विपंथी’ मात्र घशात अडकतं. ‘रग्बीच्या दोन्ही पंथांत देशाकडून खेळलेला’ असं सोडवून लिहिते. आणि ‘गोइंग नॉर्थ’? ‘उत्तरेला गेला’?

उत्तर
नुसतं ‘उत्तरेला’ लिहिलंत तर वाचक उत्तर वेल्समध्ये पोचेल. पहिल्या वेळी ‘उत्तर इंग्लंडात, लीगकडे’ असं फोडून सांगा, मग पुढे खुशाल ‘उत्तरेला गेला’. वेल्समध्ये ते काहीसं ‘वाया गेला’च्या सुरात म्हटलं जायचं, तो सूर ‘गेला’वर आपोआप येतो. शेजारीपाजारी म्हणतात ना, “त्यांचा धाकटा पण गेला हो उत्तरेला.”