एसएसडी स्लो झालीय, ऐन लग्नसराईत

खानापूरचा स्टुडिओवाला
मंडळी, स्टुडिओच्या पीसीला दोन वर्षांमागं ४८० जीबीची साटा एसएसडी (साटा केबलनं जोडायची, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) टाकलो. तेव्हा कॅमेऱ्याचं ६४ जीबीचं कार्ड लावलं की सेकंदाला ८०-९० एमबीनं भराभर यायचं, आता दोन-तीन जीबी झालं की स्पीड १५-२० वर येऊन बसतो आणि तिकडं नवरीच्या भावाचे फोनवर फोन. ११ जीबी रिकामी हाय. दुकानवाला म्हणतोय डिफ्रॅग मार, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळव, नाहीतर नवीन घे. काय करू?

निपाणीकर
डिफ्रॅग नको मर्दा! ह्यात फिरणारी तबकडी नाही, तुकडे जुळवून स्पीड वाढत नाही, फुकटची झीज तेवढी. आमच्याकडची तंबाखूची वखार बघितलास काय? समज पोती एकेक ठेवता येतात पण काढायची तर अख्खा खणच मोकळा करायचा. एसएसडी तशीच, लिहिते पेज-पेजनं म्हणजे छोट्या तुकड्यानं, पुसते मात्र शेकडो पेजचा ब्लॉक एकदम. म्हणून कामाची पोती आधी दुसऱ्या खणात हलवायची, मग हा खण रिकामा. तू ११ जीबीच ठेवलास, हलवायला जागाच नाही, हमाल दमणार नाही तर काय. आणि तू फाइल डिलीट केलास हे ड्राइव्हला ट्रिम नावाची कमांड सांगते, ती बंद असली तर मेलेली पोतीपण हमाल वाहत बसतो.

कॅम्पातला
बरोबर, त्यात कॅशचं, म्हणजे तात्पुरत्या वेगवान जागेचं पण हाय. स्वस्तातल्या ड्राइव्ह रिकाम्या जागेतच एका सेलमध्ये एकच बिट लिहून स्पीड दाखवतात, नंतर निवांत तीन किंवा चार बिट करून दाबून बसवतात. जागा संपली की खरा स्पीड दिसतो, चार बिटवाली असली तर हार्डडिस्कपेक्षा पण हळू. १५-२० टक्के मोकळी ठेवा आणि विंडोजचं ऑप्टिमाइझ ड्राइव्हज बघा, ते एसएसडीला ट्रिमच मारतं.

खानापूरचा स्टुडिओवाला
जुनी लग्नं हार्डडिस्कवर हलवलो, १३० जीबी मोकळी. ऑप्टिमाइझचं शेड्यूल ऑफ होतं, कुणी केलं देव जाणे. बटण दाबून रात्रभर पीसी चालू ठेवलो. आज कार्ड ८५ नं आलं, शेवटी शेवटी ५० वर उतरलं, पण चालतंय. एक राहिलं, यूएसबी डबीतल्या जुन्या एसएसडीला ऑप्टिमाइझ होतच नाही?

निपाणीकर
काही डब्यांची चिप ट्रिम पुढं पाठवतच नाही. काढून थेट साटाला जोड आणि मार.