सहा-सहा जणांचा एकत्र इंटरव्ह्यू, कोणी घेतलाय का?

प्रश्न:
कस्टमर सपोर्टच्या दोन जागा आहेत, शॉर्टलिस्टमध्ये बारा जण, साहेब म्हणतात एकेकाला बोलवत बसू नका, सहा-सहाच्या दोन बॅच करा आणि एका दिवसात उरका. मी आजवर एकेकट्याचेच घेतलेत. जो जास्त बडबडेल तोच लक्षात राहणार आणि शांत माणूस मागे पडणार असं वाटतंय. नेमकं करायचं काय असतं यात?

उत्तर १:
घेतलाय, आणि पहिल्या वेळी पार माती केली. सगळ्यांना ओळीत बसवलं आणि चिडलेल्या ग्राहकाला कसं हाताळाल हा एकच प्रश्न विचारत गेलो, तर पहिलीने जे सांगितलं तेच बाकीचे शब्द फिरवून सांगत होते, शेवटचा तर बिचारा "माझंही तेच मत" म्हणून मोकळा झाला. आता प्रश्न विचारतच नाही, काम देतो. या दहा तक्रारी, आज चारच सोडवता येतील, कुठल्या ते वीस मिनिटांत मिळून ठरवा. मग आपण गप्प बसायचं, अजिबात मधे पडायचं नाही. कोण दुसऱ्याला तोडतं, कोण गप्प बसलेल्याला विचारतं, पटल्यावर कोण आपला हेका सोडतं, सगळं दिसतं.

उत्तर २:
ओळीने विचारलं की हे होणारच. सोलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली रेषांच्या लांबीचा प्रयोग केला होता, कुठली रेष दिलेल्या रेषेएवढी ते ओळीने सांगायचं, आधीचे सगळे ठरवून चुकीचं सांगायचे आणि साधारण तीनातल्या एका वेळी खरा उमेदवारही, म्हणजे ज्याची परीक्षा चाललीय तो, तेच चुकीचं बोलायचा, समोर दिसत असूनही! म्हणून आधी दोन मिनिटं प्रत्येकाला कागदावर लिहू द्या, मग चर्चा. बघायला दोघं तरी ठेवा, आणि आपापले मार्क लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलू नका, नाहीतर साहेबांचं मत तेच सगळ्यांचं.

उत्तर ३:
पगार, नोकरी का सोडताय हे सगळ्यांसमोर प्लीज विचारू नका. माझ्या वेळी शेजारी बसलेला माझ्याच ऑफिसातला निघाला, दुसऱ्या दिवशी मॅनेजरला कळलं. नंतर प्रत्येकाला दहा मिनिटं वेगळं भेटा, आणि ग्रुपमध्ये आहे हे आधी मेलमध्ये कळवा.

प्रश्नकर्ता:
बाप रे, आत्ता लिस्ट बघितली, दोघीजणी एकाच कंपनीतल्या आहेत, वेगळ्या बॅचमध्ये टाकते. दहा तक्रारींवालं करणार. एका दिवसात होणार नाही हे साहेबांना सांगायचंय तेवढं.