कन्सिल्ड झालं की पैसे अडकतात : प्लंबिंगच्या स्वतंत्र कामात हप्ते, पॉइंट आणि गळतीची जबाबदारी

नळजोड_फुलेवाडी
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात बंगले आणि छोट्या अपार्टमेंटची कामं स्वतंत्रपणे घेणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. मजुरी पॉइंटवर, म्हणजे पाइपची किती तोंडं काढायची त्यावर ठरते. पाइप भिंतीत जाईपर्यंत मालक खूश असतो, पण उरलेले पैसे टाइल्स, रंग, फर्निचर होईपर्यंत लटकतात. मधेच कमोडचं मॉडेल बदलतं, 'तेवढं करून टाका की' म्हणत दोन नळ वाढतात. वर्षभरानं भिंतीला ओल आली की फोन प्लंबरलाच. हेल्परची हजेरी मात्र आठवड्याच्या आठवड्याला द्यावी लागते. हप्ते कसे पाडावेत, पॉइंटमध्ये काय काय धरावं आणि गळतीला कुठपर्यंत बांधील राहावं?

सांधा
भावा, हप्ते तारखेवर ठेवू नकोस, कामाच्या टप्प्यावर ठेव. आणि मोठा हप्ता प्लास्टरच्या आधी. पाइप झाकला की तुझी बाजू संपली.

सुरुवातीला २५ टक्के. कन्सिल्ड, म्हणजे भिंतीत झाकली जाणारी लाइन पूर्ण होऊन टेस्ट झाली त्याच दिवशी ४५, खाचा बुजवायच्या आधी. ड्रेनेज, चेंबर आणि गच्चीवरच्या टाकीची जोडणी झाली की २०. फिटिंगला फक्त १०. फिटिंग म्हणजे दोन-तीन दिवसांचं काम, ते सहा महिने लांबलं तरी अडकून अडकून दहाच टक्के अडकतात. बरेच जण पन्नास टक्के शेवटावर ठेवतात आणि मग मालकाच्या फर्निचरवाल्याची वाट बघत बसतात.

४५ टक्के मागायचे तर टेस्ट दाखवता आली पाहिजे. शेवटचा सांधा मारल्यावर २४ तास जाऊ द्या. सगळ्या पॉइंटना प्लग लावा, लाइन पाण्यानं भरा, सगळ्यात वरचा पॉइंट सैल करून हवा काढा. हवा राहिली तर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा डोलतो आणि उगाच शंका येते. मग हातपंपानं ७ ते १० किलोपर्यंत (चौरस सेंटिमीटरला) दाब चढवा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि तासभर काटा बघा. उन्हातली लाइन असेल तर काटा थोडा हलेल, पण सारखा उतरत असेल तर सांधा शोधा. कॉम्प्रेसरच्या हवेनं प्लास्टिक पाइप कधीही टेस्ट करू नका, फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

'टाकी भरून बघितली, कुठं गळत नाही' ही टेस्ट नव्हे. १० फूट उंचीला दाब जेमतेम ०.३ किलो. पुढं मालक प्रेशर पंप बसवतो, दाब २-३ किलोवर जातो आणि कच्चा सांधा तेव्हा बोलतो.

गरम-गार
पॉइंटचं लिहून न देणं हीच खरी गळती आहे. 'एक बाथरूम सहा पॉइंट' असं तोंडी ठरतं आणि नंतर वॉल मिक्सर एक धरायचा की दोन यावर वाद. माझ्या मते जिथं पाइपचं तोंड भिंतीबाहेर येतं तो एक पॉइंट, एवढी एकच व्याख्या ठेवा. वॉल मिक्सर म्हणजे गरम आणि गार, दोन. वरच्या शॉवरची लाइन असेल तर तीन. कन्सिल्ड डायव्हर्टरला (पाणी शॉवरला की नळाला हे वळवणारा भिंतीतला व्हॉल्व्ह) गरम, गार, शॉवर, स्पाउट असे चार. गिझरला दोन. कमोडला टू-वे अँगल कॉक लावून फ्लश टाकी आणि हेल्थ फॉसेट दोन्ही घेतलं तर एक.

भिंत कापणं, खाचा बुजवणं, कोअर कटिंग (मशीननं गोल भोक पाडणं), मलबा खाली नेणं यातलं काय दरात आहे आणि काय नाही, तेही त्याच कागदावर. मेन लाइनवरून नळजोडणी वेगळी लिहा. ते परवानाधारक प्लंबरचं काम आणि महापालिकेचं शुल्क मालकाचं.

मॉडेल बदलण्यावर उपाय एकच : खाच मारायच्या आधी सॅनिटरीचं मॉडेल ठरवून घ्या. एस ट्रॅप कमोडला (ज्याचं आउटलेट खाली फरशीत जातं) तयार भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंत ९ इंच की १२ इंच हे आधी लागतं. ९ ला पाइप काढला आणि मालकानं १२ चा कमोड आणला, तर टाकी भिंतीला अडते आणि कमोड जागेवर बसत नाही. वॉल मिक्सरची दोन तोंडं मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी, डावीकडं गरम. डायव्हर्टरच्या बॉडीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. टाइल कुठली, किती जाडीची हे माहीत नसताना बॉडी बसवली की फ्लँज एकतर भिंतीला टेकत नाही, नाहीतर स्पिंडल आत राहतो. मग टाइल फोडा. या फोडाफोडीची मजुरी आणि वाढलेला पॉइंट कुणाच्या खर्चानं, तो आकडा सुरुवातीलाच लिहा. नंतर मागितला तर 'लई मागतोय' असं होतं.

सांधा
गळतीच्या जबाबदारीबद्दल राहिलं. ओल दिसली की आधी फोडू नका. गेज लावून सप्लाय लाइन टेस्ट करा. तासभर काटा जागेवर राहिला तर प्रेशर लाइनमध्ये दोष नाही. मग नहाणी ट्रॅपला प्लग लावून बाथरूममध्ये दोन इंच पाणी २४ तास ठेवा. खाली ओल वाढली तर वॉटरप्रूफिंग किंवा टाइलच्या सांध्यातून जातंय, ते प्लंबरचं नव्हे. तिथंही काही नाही, तर प्लग काढून पाणी सोडा आणि ट्रॅप व वेस्ट लाइन बघा. एवढं केलं की कुणाची जबाबदारी यावर भांडण उरत नाही. ही तपासणी फुकट करू नका. दोष तुमचा निघाला तर पैसे परत, नाहीतर मजुरी पक्की.

तुमचा दोष निघतो तो ठरावीक जागी. सीपीव्हीसीला (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) पीव्हीसीचं सोल्यूशन मारलेलं असतं. डब्यात घट्ट झालेलं सोल्यूशन थिनर टाकून वापरलेलं असतं. पाइप तिरका कापलेला, कडेचा बूर न काढता ढकललेला, त्यानं सोल्यूशन सॉकेटमधून खरवडून निघतं. पाव फेरा देऊन २०-३० सेकंद दाबून धरलं नाही तर पाइप स्वतःच मागं सरकतो. नळाच्या तोंडाला प्लास्टिक आट्याचं फिटिंग घातलं आणि पान्यानं जोर केला की बारीक चीर जाते, ती महिन्यांनी गळते. तिथं पितळी आट्याचंच घ्या, चार पैसे वाचवू नका.

गिझरचं वेगळं. एसडीआर ११ (पाइपच्या जाडीचा वर्ग) सीपीव्हीसी २३ अंशाला सुमारे २८ किलो सोसतो, पण ८२ अंशाला फक्त ७ किलो. थर्मोस्टॅट बिघडलेल्या गिझरनं पाइप फुगला तर ते सांध्याचं दुखणं नव्हे.

हिशेबवही
दोन गोष्टी पैशाच्या. मटेरियलसकट काम घेता तेव्हा दुकानाची उधारी तुमच्या नावावर आणि मालकाची उधारी तुमच्या डोक्यावर. शक्यतो मटेरियलचं बिल थेट मालकाच्या नावे करा आणि आणण्या-तपासण्याची मजुरी उघड लावा. साइट पाचगावला आणि दुकान लक्ष्मीपुरीत असेल, तर एका विसरलेल्या रिड्यूसरपायी अर्धा दिवस जातो. तो दिवस कुठंतरी धरलाच पाहिजे. समजा घरखर्च, पेट्रोल, हत्यारांची झीज, फोन धरून महिन्याला ३६ हजार लागतात. २६ दिवसांतले बिल होणारे दिवस धरा १८. म्हणजे हेल्पर सोडून दिवसाला दोन हजार निघाले, तर फक्त बरोबरी. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा इशारा पातळीच्या ३९ फुटांवर गेली की सखल भागातल्या साइट थांबतात, ते दोन महिने उरलेल्या दहांतून काढायचे.

दुसरं, मटेरियलसकट बिल केलं तर वर्षाची उलाढाल २० लाखांवर जाते का बघा, तिथून जीएसटी नोंदणी लागते. बिल्डर १ टक्का टीडीएस कापत असेल तर पॅन द्या, नाहीतर २० टक्के कापतो. रिटर्न भरलं की देणं नसेल तेवढं परत येतं. आयकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत ऑनलाइन जमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरतात. दुकानदाराकडून मिळणारं कमिशन मात्र त्या योजनेत बसत नाही. हेल्परची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

नळजोड_फुलेवाडी
कामाचं बोललात. एकच राहिलं : टेस्टचा पुरावा मालकाला कसा द्यायचा? सही घ्यायला कचरतात.

गरम-गार
सहीच्या मागं लागू नका. गेजचा काटा दिसेल असा फोटो सुरुवातीला एक आणि तासानं एक, तिथूनच मालकाला व्हॉट्सॲप करा, सोबत 'टेस्ट पास, दुसरा हप्ता आज' एवढं लिहा. मग प्रत्येक भिंतीचा फोटो, कोपऱ्यापासून आणि तयार फरशीच्या पातळीपासून टेप धरून. टेपचे आकडे वाचता आले पाहिजेत, दुरून काढलेला फोटो काही कामाचा नाही. पुढं टॉवेल रॉड बसवणाऱ्यानं ड्रिल पाइपात घातलं तर भोक कुठं पडलं आणि पाइप कुठं होता, दोन्ही त्या फोटोत दिसतं.