मदत हवी आहे: सड्यावरच्या जलकीटकांत वोल्बाकिया (किड्यांच्या पेशींत राहणारा जीवाणू) शोधतोय, ५ पैकी ० नमुन्यांत आला तर "नाही" लिहावं का?

सडेकर: राजापूर तालुक्यातल्या सड्यावरची (जांभ्या दगडाच्या पठारावरची) पावसाळी डबकी आणि खालचा पऱ्या (ओढा), इथून ६ प्रजाती, प्रत्येकी ५ नमुने घेतले. अख्ख्या किड्याचा डीएनए, पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून) वोल्बाकियाचं डब्ल्यूएसपी जनुक शोधलं, ८१एफ-६९१आर प्राइमर (जनुकावर बसणारे डीएनएचे छोटे तुकडे), अॅनीलिंग (प्राइमर बसण्याची पायरी) ५५ अंशांवर. निवळीत ५ पैकी ०. चतुराच्या पिल्लांत ५ पैकी २, पण पट्टे (जनुक सापडल्याची खूण) फिकट. निवळी "वोल्बाकियामुक्त" आणि चतुर "बाधित" असं लिहिलं तर चालेल का?

पाणविंचू: दोन्ही लिहू नका.

आधी निवळी. जलकीटकांच्या सुमारे निम्म्या प्रजातींत वोल्बाकिया असावा, असा २०१७ सालचा अंदाज आहे. पण ही टक्केवारी प्रजातींची आहे, किड्यांची नव्हे. काही प्रजातींत जवळपास प्रत्येक किडा बाधित असतो, तर काहींत दहातला एखादाच. दहातला एकच बाधित असेल तर ५ नमुन्यांत तो सापडण्याची शक्यता ४१ टक्के, म्हणजे नाणं उडवण्याहूनही कमी. ९५ टक्के खात्री हवी तर २९ किडे लागतात. उलट निम्मे किडे बाधित असतील तर ५ नमुन्यांतच ९७ टक्के. त्यामुळे ६ प्रजातींऐवजी २ घ्या, प्रत्येकी ३०.

शिवाय डब्ल्यूएसपी झपाट्याने बदलणारं जनुक आहे, वोल्बाकियाच्या काही वाणांवर प्राइमर बसतच नाही. जोडीला वोल्बाकियाच्या १६एस या दुसऱ्या जनुकाचा, सुमारे ४३८ बेस पेअर लांबीचा तुकडा, चालवा. पॉझिटिव्ह कंट्रोल (चाचणी चालते हे दाखवणारा, नक्की बाधित नमुना) विकत घ्यायची गरज नाही: गटारातला क्युलेक्स क्विन्किफॅशिएटस डास पुरतो, त्यात वोल्बाकिया बहुधा असतोच. (१९२४ साली हा जीवाणू पहिल्यांदा दिसला तोही क्युलेक्समध्येच.)

टाचणी_७: चतुराचा फिकट पट्टा बहुधा पोटातल्या जेवणाचा. पिल्लं डासांच्या अळ्या खातात आणि तुम्ही अख्खं पिल्लू वाटलंत! त्या दोन पट्ट्यांचं सीक्वेन्सिंग करा (डीएनएचा क्रम वाचून घ्या). क्युलेक्स डासातल्या वोल्बाकियाचा वाण निघाला तर संशय जवळपास पक्का.

पुढच्या खेपेला पिल्लं वेगवेगळ्या डब्यांत काडी लावून वाढवा (एकत्र ठेवलीत तर एकमेकांना खातील) आणि कात टाकून नुकताच बाहेर पडलेला मऊ पंखांचा चतुर घ्या. बाहेर पडण्याआधी काही दिवस पिल्लू खाणं थांबवतं, आणि प्रौढानेही अजून शिकार केलेली नसते. पोटाचा भाग वापरा. नुसत्या पायात जीवाणू कमी असू शकतो, तो निसटेल. छातीखाली लाल मण्यांसारखे माइट दिसले तर सुईने काढा, त्यांचाही वोल्बाकिया पट्टा देऊ शकतो.

सडेकर: निवळीच्या ५ पैकी २ नमुन्यांत सीओआयसुद्धा (किड्याचं स्वतःचं जनुक, डीएनए ठीक आहे का ते तपासायला) आलं नाही. नमुने ठेवलेलं स्पिरिट दुकानातलं होतं, त्याने फरक पडतो का?

पाणविंचू: पडतो. डीनेचर्ड स्पिरिटमध्ये काय मिसळलंय ते कळत नाही. ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल घ्या, किड्याच्या दहापट. २४ तासांनी ते ओतून नवं भरा, कारण अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं. नेमकी ही पायरीच लोक गाळतात. मग उणे २० अंशांवर.

आत्ताच्या डीएनएसाठी: दहापट पातळ करून पुन्हा सीओआय चालवा. डोळ्यांचं रंगद्रव्य पीसीआर अडवतं, चतुरात तर फारच, म्हणून त्यांचं डोकं आधीच कापून ठेवा. सीओआयचा पट्टा आला तरी एखादा सीक्वेन्स तपासा, ते प्राइमर कधीकधी वोल्बाकियाचंच जनुक उचलतात.

पातळ करूनही सीओआय आलं नाही तर ते दोन नमुने मोजायचेच नाहीत. तुमचा आकडा मग ५ पैकी ० नसून ३ पैकी ०. वरच्याच हिशेबाने (दहातला एक बाधित) तो सापडण्याची शक्यता २७ टक्के.

सडेकर: समजलं. तक्त्यात "३ तपासले, आढळला नाही" एवढंच लिहितो. चतुराच्या दोन ओळी सीक्वेन्स येईपर्यंत रिकाम्या.