मुंबई ते लंडन: जाताना वेळ जास्त का लागतो?

प्रश्न (दादर): माझी आई लवकरच एकटीच लंडनला जाणार आहे. हीथ्रोपर्यंतचे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, मग जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना त्याहून कमी वेळ का दाखवतात? तिला मधुमेह असल्याने इन्सुलिनच्या वेळा नीट ठरवायच्या आहेत.

उत्तर (ठाणे): ताई, साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे वारे, म्हणजेच जेट स्ट्रीम, जाताना विमानाला समोरून अडवतात आणि परतताना मागून ढकलतात, हिवाळ्यात ते अधिक जोरदार असल्याने हा फरक वाढतो. शिवाय ७,२०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरचे किमान अंतर आहे. बंद हवाई क्षेत्रे टाळताना प्रत्यक्ष मार्ग लांबतो.

उत्तर (गिरगाव): तिकिटावरील वेळा स्थानिक असतात आणि लंडन उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, म्हणून आईंनी प्रवासात घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे आणि मात्रांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. इन्सुलिन मोठ्या सामानात मुळीच देऊ नका, कारण तिथे ते गोठू शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ते हातातल्या पिशवीतच असू द्या.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. चिठ्ठी उद्याच घेते.