फॅमिली कोर्ट सगळ्यांना उघडं करा म्हणे!

जुळे_सोलापूरकर:
काल इथं एका दादांनी लिहिलं की फॅमिली कोर्टात कुणालाही बसू द्यावं, निकाल नावानिशी नेटवर टाकावेत, म्हणजे 'खोट्या केसा करणाऱ्या बायका' उघड्या पडतील. उत्तर द्यायचं नव्हतं, पण खालचे लाइक बघून राहवलं नाही.

दादा, माझ्या धाकट्या बहिणीची केस साडेतीन वर्षं चालली. कुठल्या कोर्टात ते सांगत नाही. आत सगळं 'इन कॅमेरा', म्हणजे बंद दाराआड. आणि बाहेर? शिपाई दारात उभा राहून दोघांचा आडनावासकट पुकारा करायचा. व्हरांड्यात चाळीसेक माणसं. एकदा त्यात आमच्याच पेठेतल्या एक काकू निघाल्या, भाच्याच्या तारखेला आलेल्या. संध्याकाळी आई दळण आणायला गेली तर गिरणीवाला विचारतो, "पोरीचं मिटलं का ओ?" सात रस्त्याला शिंकलं की अशोक चौकात वाफ घ्या म्हणून सांगणारं गाव हे. अजून काय उघडं करायचं राहिलंय?

आणि कायदा तुमच्या बाजूनं नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम ११ वाचा. दोघांपैकी एकानं जरी मागितलं तरी सुनावणी बंद दाराआडच घ्यावी लागते.

खरं_बोलतो:
तो 'दादा' मीच. ताई, बहिणीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तुम्हाला बंद दारामागे बहीण दिसते, मला माझी पोरगी दिसते. महिन्यातून दोनदा, एक तास, कोर्टातल्या खोलीत. कोपऱ्यात चाक निघालेली एक सायकल. पोरगी दर वेळी तिच्यावरच बसते, मी ढकलतो, सायकल जाग्यावरच. तासच का, दोन तास का नाही, कुणाला विचारू? शेजारच्या बाकावरच्याला चार तास मिळालेत. ते कशावरून, हे बघायला त्याचा निकाल मला वाचायला मिळत नाही. दार आमच्यासाठी बंद आहे म्हणता. मला तर वाटतं साहेबांसाठी बंद आहे.

'बायका' असं सरसकट लिहायला नको होतं. तेवढं मागे. बाकी एक अक्षर नाही.

काळा_कोट_खुंटीला:
चाळीस वर्षं वकिली केली, म्हणून आगाऊपणा करतो. दोघंही अर्धंच सांगताय. खुलं न्यायालय हाच नियम आहे. मिरजकर खटल्यात १९६६ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी तेच सांगितलं, आणि न्यायासाठी गरज पडली तर दार लावायचा अधिकारही त्याच निकालात मान्य केला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं कोर्टाच्या कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाला हिरवा कंदील दिला, तेव्हाही नवरा-बायकोची प्रकरणं बाहेरच ठेवली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ नं तर कामकाज छापायलाच मनाई आहे. दंड किती? हजार रुपयांपर्यंत. १९५५ चा कायदा आहे, तेव्हा हजाराला वजन होतं.

पण ताई, रखमाबाई आठवा. लहानपणी लग्न लावलेलं, मोठेपणी नांदायला जायला नकार दिला, म्हणून नवरा कोर्टात गेला. १८८५ ला न्यायमूर्ती पिन्हे साहेबांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, १८८७ ला फॅरन साहेबांनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा म्हणून सांगितलं. ते बंद दाराआड झालं असतं तर केसरीत वाद पेटला असता का? मुलींचं संमतीचं वय वाढवणारा १८९१ चा संमतिवयाचा कायदा त्याच गदारोळातून पुढे सरकला.

जुळे_सोलापूरकर:
काका, चांगलं उदाहरण दिलंत, माझ्याच बाजूचं. रखमाबाईंनी टाइम्सला पत्रं लिहिली ती 'अ हिंदू लेडी' या टोपणनावानं. बोलायचं होतं, पण नाव कधी सांगायचं ते तिनं ठरवलं. माझ्या बहिणीचं नाव शिपायानं ठरवलं.

शेंगा_चटणी:
दार बंद की उघडं यावर भांडताय, पण घरातल्या मोबाइलचं काय? जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चोरून रेकॉर्ड केलेलं बायकोचं बोलणं घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून चालतं. आता भाकरी थापतानाही जपून बोलायचं का?

खरं_बोलतो:
चालायलाच पाहिजे. चार भिंतींत साक्षीदार कुठून आणायचा?

पूर्वभागातली:
हो का? मग माझ्या नवऱ्यानं पाच मिनिटांच्या भांडणातली फक्त माझी दोन मिनिटं ऐकवली, ते काय? आधी तो काय बोलला ते कापलेलं. मी चिडले की तेलुगूत बोलते. त्याचं मराठी भाषांतर त्याच्याच मामानं लिहून आणलेलं!

खरं_बोलतो:
म्हणजे शिव्या दिल्या होत्या, हे मान्य आहे.

पूर्वभागातली:
तुमची बायको का गेली ते आता कळलं.

काळा_कोट_खुंटीला:
अहो, पातळी सोडू नका. रेकॉर्डिंग दाखल झालं म्हणजे खरं मानलं असं नव्हे. पूर्ण फाइल मागता येते, आवाज तपासायला पाठवता येतो, उलटतपास होतो. आणि गंमत बघा. ज्या निकालावर तुम्ही भांडताय त्याचं शीर्षकच त्या नवरा-बायकोची नावं आहेत. खासगीपणावरचा निकाल, आणि प्रत्येक वकिलाच्या तोंडी त्या बाईचं नाव!

पूर्वभागातली:
वकिलांचं निघालंच आहे तर सांगते. कलम १३ म्हणतं, फॅमिली कोर्टात वकील हक्कानं मिळत नाही. परवानगी मिळते, पण मागावी लागते हे मला तिसऱ्या तारखेला कळलं. आई विड्या वळते, मी बारावी. दार बंद, कागद इंग्रजी, शेजारी आपलं कुणी नाही. मला गर्दी नको होती. पण आईला तरी बसू द्यायला काय हरकत होती?

गड्ड्याचा_पाळणा:
सगळं ठीक, पण अपील करायला कोल्हापूरच का? ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच तिकडं सुरू. दर वेळी सोलापूरच्या वाट्याला धूळ, आणि पाच दिवसांनी पाणी.

शेंगा_चटणी:
मालक, प्रत्येक धाग्यात पाणी आणायलाच पाहिजे का?

गड्ड्याचा_पाळणा:
नळाला येत नाही, म्हणून धाग्यात आणतो.

जुळे_सोलापूरकर:
पूर्वभागातली ताई, आईला बसू द्यावं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पटलं. दादा, तुमची सायकलही पटली. नावगाव काढून निकाल छापा, पोटगी किती आणि भेट किती तास ते कारणासकट राहू द्या, माझी ना नाही. पण कोर्टात बघे बसवायचे नाहीत. आणि पुकारा नंबरानं करा.

खरं_बोलतो:
नंबरानं पुकारा चालेल. बँकेत टोकन असतंच की. नावं काढलेले निकालही चालतील, काहीच नसण्यापेक्षा बरे. पण मी हरलो असं कुणी समजू नये.

शेंगा_चटणी:
समजलो. ताई, ती गिरणी कुठली ओ?

जुळे_सोलापूरकर:
आता आम्ही लांबच्या गिरणीत जातो. कुठल्या, ते विचारू नका.