सेकंडहँड गाडी आणि वायरिंगची दुखणी: तुमचे अनुभव लिहा

मुक्ता_बदलापूर

जुनी गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो, कागदपत्रं तपासतो. वायरिंगकडे कुणी ढुंकून बघत नाही. मग पहिला पावसाळा लागतो आणि गाडीत भुताटकी सुरू होते. आमच्या २००७ च्या हॅचबॅकमध्ये ब्रेक दाबून डावा इंडिकेटर दिला की मागचा पार्किंग लाइट त्याच तालात मिणमिणायचा. आधी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) बदलून झाला, मग काँबिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळचा दिवे-इंडिकेटरचा दांडा) गेलाय असं निदान झालं. निघालं काय, तर डाव्या टेललॅम्पची काळी, अर्थिंगची वायर बॉडीला जिथे स्क्रूने आवळली होती तिथे गंज. करंटला परतीची वाट बंद, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून घुसत होता. पॉलिश पेपर घासला, नवा स्क्रू लावला, वरून थोडं व्हॅसलिन. पुढच्या पावसात भूत फिरकलं नाही.

असे अनुभव लिहा. लक्षण काय, लोकांनी काय काय सांगितलं, खरं काय निघालं आणि ते सापडलं कसं. गाडीच्या कंपन्यांची आणि गॅरेजांची नावं नकोत, नाहीतर "कुठली गाडी भारी" यावर हाणामारी सुरू होते आणि विषय राहतो बाजूला.

सड्यावरचा

रत्नागिरी. खारा वारा, चार महिने धो-धो पाऊस, गाडी अंगणात पत्र्याखाली. सेल्फ मारला की नुसतं टक्-टक्. आधीच्या मालकाने बॅटरी नवी टाकून दिली होती, त्यामुळे सगळ्यांचं बोट सेल्फकडे. "कार्बन ब्रश गेलेत, आर्मेचर बघायला लागेल, गाडी सोडून जा."

मला संशय आला तो भलत्याच गोष्टीवरून. दोन-चारदा सेल्फ मारून बॉनेट उघडलं तर अॅक्सिलरेटरची केबल हाताला चक्क गरम लागली. इंजिन बंद, रेडिएटर गार, आणि केबल गरम? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे त्याला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी लागतेच. ती तुटली की सेल्फचा करंट मिळेल त्या लोखंडातून परत जातो. इथे त्याला अॅक्सिलरेटरची केबल सापडली होती.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला, लाल टोक इंजिनाच्या ब्लॉकवर, काळं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, आणि भावाला सेल्फ मारायला सांगितलं. इथे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसायला हवं. मीटर तीनच्या वर गेला. मग जंपर केबलचं एक टोक निगेटिव्हला, दुसरं इंजिनाला लावलं आणि किल्ली फिरवली. एका झटक्यात चालू.

पट्टी गिअरबॉक्सच्या खाली होती. वरून धड दिसत होती, पण लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी तांब्याची वेणी हिरवीगार होऊन दोन-तीन तारांवर लोंबकळत होती. नवी पट्टी लावली. सेल्फ अजून तोच आहे.

निळा_फ्यूज

भारी! लहान गाडीचा सेल्फसुद्धा शंभरच्या वर अँपिअर खेचतो. नुसत्या डोळ्यांनी बघून "अर्थिंग ठीक आहे" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. दोन तारांवरसुद्धा दिवे लागतात, सेल्फ फिरत नाही.

ऑरेंजसिटी

नागपूरवरून. आधीच्या मालकाला उजेडाची भारी हौस होती राजेहो. हेडलाइटचे ६०/५५ वॉटचे (अप्पर ६०, डिपर ५५) बल्ब काढून १००/९० चे ठोकले होते, वायर मात्र कंपनीचीच. अप्पर टाकून कोंढाळीपर्यंत गेलो की स्टिअरिंगखालून जळकट वास. काँबिनेशन स्विच उघडला तर आतलं प्लास्टिक वितळून एका बाजूला आलेलं. बल्बमागचा कपलर (वायरींचा प्लग) तर हातात घेतल्यावर भुगाच झाला.

हिशोब साधा आहे. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. १०० वॉटचे दोन म्हणजे सतरा. एवढा भार त्या इवल्याशा स्विचमधून जाणार कसा? आता दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) टाकले. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून फ्यूज लावून जाड वायर, ८७ वरून बल्ब, आणि जुनी वायर फक्त ८५-८६ वर, रिले उठवायपुरती. बल्ब परत ६०/५५ चेच लावले. गंमत म्हणजे उजेड कंपनीच्या मूळ वायरिंगपेक्षा चांगला पडतो, कारण वाटेत व्होल्टेज खाल्लं जात नाही.

जुना_वायरमन

मंडळी, मी सांगलीचा. आयुष्य ऑटो इलेक्ट्रिकमध्ये गेलं, आता मुलगा बघतो दुकान. दोन-तीन गोष्टी सांगतो.

चालू गाडीची बॅटरीची टर्मिनल काढून अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारं यंत्र) तपासायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. डायनमोच्या काळात खपून जायचं. आता नका करू. बॅटरी निघाली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) बसला की रडायची वेळ. मीटर लावा. रात्रभर उभी गाडी असेल तर साधारण १२.६ व्होल्ट पाहिजे, गाडी चालू केल्यावर १३.८ ते १४.४. पंधराच्या वर जातंय म्हणजे कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) गेला. तेराच्या खाली राहतंय म्हणजे बेल्ट, कार्बन, डायोड या क्रमाने बघा.

दुसरं, चावी ऑन केल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो का बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला की चार्जिंग बंद, आणि गिऱ्हाईक येतं अल्टरनेटर बदलायला. पन्नास पैशाच्या वस्तूपायी हजारो रुपये.

आणि फ्यूज. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडाला म्हणून मोठा टाकू नका, सिगरेटच्या पाकिटाची चांदी तर नकोच नको. फ्यूज उडतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय.

ठाणेकरीण

आमची गाडी शुक्रवारी लावली की सोमवारी डेड. सासरे म्हणायचे, "रोज चालव, म्हणजे उतरणार नाही." बॅटरीवाला म्हणायचा, "मॅडम, सेल गेलाय." बॅटरी दोनदा दुकानात चार्ज करून, लोड टेस्ट करून आणली, ती ठणठणीत. म्हणजे उभ्या गाडीत कुणीतरी करंट पीत होतं.

मग एका रविवारी बसलेच. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि वायर व खांब यांच्या मध्ये मीटर जोडला, १० अँपिअरच्या भोकात. (असा मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटर जाईल.) दार उघडं ठेवायचं होतं, म्हणून लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केलं, नाहीतर आतला दिवाच मोजत बसलो असतो. अर्धा तास थांबले, कारण गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. चांगल्या गाडीत हा आकडा ०.०५ च्या खाली हवा. माझ्याकडे ०.३८. चोवीस तासांचे झाले नऊ अँपिअर-अवर, आणि बॅटरी सगळी मिळून ३५ ची!

एकेक फ्यूज उपटत गेले. टेप, लॉक, हॉर्न, आतले दिवे. आकडा ढिम्म हलेना. सगळे फ्यूज काढून झाले तरी ०.३५ च्या वरच. इथे मी जरा वैतागले, पण मग लक्षात आलं की उत्तर मिळालंय: हा करंट फ्यूजबॉक्समधून जातच नाहीये. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर बघितलं तर कंपनीच्या वायरीसोबत एक जाड लाल वायर, डांबरी टेपखाली लपवलेली. तिचा माग काढत फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली भिंत) कार्पेटखाली, तिथून मागच्या सीटखाली. आणि तिथे धुळीत एक अॅम्प्लिफायर! आधीच्या मालकाने स्पीकर, वूफर काढून नेले, हा विसरला. त्याची चालू-बंदची निळी वायर टेपच्या निळ्या वायरला जोडायची, ती थेट त्या जाड लाल वायरलाच जोडलेली. म्हणजे बिचारा रात्रंदिवस जागा.

अॅम्प्लिफायर सोडवला, आकडा ०.०२. सासऱ्यांना दाखवला. म्हणाले, "तरी रोज चालवलेली बरी."

टोरांटोकर

इकडे रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात, त्यामुळे सड्यावरच्यांचं दुखणं आमच्याकडेही आहे. एक भर: वायर बाहेरून ठीक दिसली तरी लगच्या जवळ वाकवून बघा. कडक, कुरकुरीत लागली तर आत हिरवी भुकटी झालेली असते.

गणोबाचा_ड्रायव्हर

पुण्यात पार्किंगमध्ये उंदीर. इंजेक्टरची वायर खाल्ली, गाडी तीन सिलिंडरवर थरथरत होती. मीटर लागला नाही, लेंड्या पुरे झाल्या. बाप्पाचं वाहन म्हणून मारवत नाही, खालून जाळी लावली आहे.

निळा_फ्यूज

माझा छोटासा. ड्रायव्हरची काच दार उघडं असताना खाली यायची, लावलं की नाही. मोटर बदलायला निघालो होतो, तेवढ्यात दार आणि खांबामधली रबरी नळी सोलून बघितली. आत वाकून वाकून तुटलेली वायर. नवा तुकडा जोडला, सोल्डर केला, स्लीव्ह चढवली. जोड मात्र बिजागरीपाशी ठेवू नका, तिथेच परत तुटतो.

नवखा_गाडीवान

मदत हवी आहे. २०११ ची डिझेल, सेकंडहँड. तासभर चालवली की सिग्नलला बंद पडते. अर्ध्या तासाने, गार झाल्यावर, काहीच न झाल्यासारखी चालू. स्कॅनरला काही दिसत नाही. पंप बदला म्हणतायत, खर्च ऐकून झोप उडाली.

जुना_वायरमन

पंपाला हात नका लावू अजून. बंद पडली की लगेच सेल्फ मारा आणि आरपीएमची सुई बघा. जरासुद्धा हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) संशय घ्या, गरम झाल्यावर तो आतून तुटतो आणि गार झाला की परत जुळतो. सेन्सरवर ओलं फडकं धरून गार करा, चालू झाली तर तोच. पण आधी कपलर काढून बघा.

नवखा_गाडीवान

काका, आज घोडबंदरला बंद पडली. सुई हलत नाही. घरी येऊन कपलर काढला तर आत ऑइल आहे.

जुना_वायरमन

पेट्रोलने धुऊ नका. काँटॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण वाळू द्या, पिना ढिल्या असतील तर टाचणीने जराशा आवळा. मग घाटात नेऊन चांगली तापवा. तरी बंद पडली तर सेन्सर टाका. ऑइल कुठून येतंय ते त्यानंतर बघू, फोटो टाका.